निम्म्यात थांबवलेला पाठ

मी एक जुना लाकडी स्टँड आहे. चर्चमध्ये ज्याच्यावर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून ठेवतात आणि ज्याच्यामागे उभं राहून पाठ वाचतात, तो. माझी गोष्ट झाडापासून सुरू करायला हवी, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या खणात एक पत्र पडून होतं आणि त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. मित्रांनो, आधी त्याचंच सांगतो, कारण मला त्याचा फार राग आला होता.

ते पत्र पोळ्याच्या सुमारास, एका शनिवारी आलं. राजानंद मास्तर माझ्यापाशी उभे राहून दुसऱ्या दिवशीच्या पाठाचा सराव करत होते. पोस्टमन दारातूनच पाकीट देऊन गेला. मास्तरांनी ते माझ्यावर ठेवून फोडलं, वाचलं, घडी घातली आणि माझ्या खणात टाकून दिलं. मग चष्मा पुसून पाठ पहिल्यापासून वाचायला घेतला.

पत्र मास्तरांच्या धाकट्या भावाचं होतं, भारतचं. तो पुण्याला असतो. त्यानं लिहिलं होतं :

"दादा, तू फोन उचलत न्हाईस म्हणून लिहून राह्यलो. आईच्या मातीला मी आलो न्हाई असं समदे म्हणतात. मी वाटूर फाट्यापर्यंत आल्तो. पण पिऊन आल्तो. तसल्या तोंडानं आईपुढं कसा उभा राहू, म्हणून फाट्यावरूनच उलटी गाडी धरली. माझं चुकलं. आता दारू बिलकुल बंद आहे. हंगामाच्या सणाला येऊ का? तू ये म्हणलास तरच येईन. भारत."

एवढंच. 'ये' किंवा 'येऊ नको', दोहोंपैकी एक शब्द लिहायचा होता. मास्तरांनी एकही लिहिला नाही.

आता झाडाकडे येतो. मी बाभळीचा आहे. वाटूरपासून थोडं आत आमचं गाव. मला घडवणारा सुतार औतं-वखरं करणारा होता. पाठ वाचायचा स्टँड त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्या वेळच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, त्याला हवेत हात फिरवून माझं चित्र काढून दाखवलं. त्यानं मान हलवली आणि त्याला कळलं तसं केलं. म्हणून माझे पाय बैलगाडीच्या दांड्यांसारखे जाड आहेत आणि उंची भलतीच जास्त. बुटक्या माणसाला माझ्यामागे पाट घेऊन उभं राहावं लागतं. पण वरच्या उतरत्या फळीखाली त्यानं एक खण ठेवला आणि त्या पोकळीनं माझं भलं केलं. माझ्यावरून वाचलं की आवाजाला खर्ज येई. मंडळी म्हणायची, "ह्या लाकडात गळा आहे."

राजानंद लहान होता तेव्हापासून मी त्याला ओळखतो. वडील लवकर गेले. आई चर्चची झाडलोट करायची. ती दोघा पोरांना घेऊन यायची आणि मोठा राजानंद पाटावर चढून माझ्यावर शास्त्र उघडून मोठ्यानं वाचत बसायचा. धाकटा भारत फरशीवर रांगायचा. त्याला दात येत होते. माझा उजवा पाय त्यानं खालून चावून ओला करून ठेवला होता. एक दिवस तोच पाय धरून तो उभा राहिला. राजानंदनं पुस्तक तसंच टाकलं, पाटावरून उडी मारली, भावाचे दोन्ही हात धरले आणि त्याला एकेक पाऊल टाकायला लावत दारापर्यंत नेलं. आई केरसुणी हातात घेऊन हसत होती. मी उभा होतो. मला दुसरं काय येतं?

पुढे राजानंद शाळेत मास्तर झाले. चर्चमधला पहिला पाठ त्यांच्याकडे आला आणि त्यांच्याकडेच राहिला. आवाज हळू, मान खाली, मंडळीकडे बघायची भीती. पण पुस्तकात एकदा शिरले की बाहेर यायला तयार नसत. त्यांना सगळ्यात जास्त जुन्या काळचे संदेष्टे आवडायचे. उपासना संपली की पहिल्या बाकावरच्या शरयूबाईंना ते न चुकता विचारायचे, "ऐकू आलं का हो?"

"आलं की," शरयूबाई म्हणायच्या, "तुमच्या चष्म्याला तर पक्कं आलं असंल."

मित्रांनो, हे संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारे, फार रागीट माणसं. इस्राएल नावाच्या देशात त्यांनी राजाला, सावकाराला, देवळातल्या पुजाऱ्याला तोंडावर सुनावलं. तुम्ही गरिबाला विकता, तुमचे सण मला नकोत, तुमची गाणी बंद करा, असं देव म्हणतो असं त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या खिळ्यांना कंप सुटला होता. मग हळूहळू मला कळायला लागलं. रात्री उशिरा येणाऱ्या पोरावर आई दारात उभी राहून तोंड सोडते, आणि आत चुलीपाशी त्याचं ताट झाकून ठेवलेलं असतं. तसा तो राग आहे. नुसतं दारातलं ऐकून निघून जाणाऱ्याला आतलं ताट दिसत नाही.

होशेय नावाच्या संदेष्ट्यानं तर देवाला बापासारखं बोलायला लावलं आहे. मीच ह्या पोराला चालायला शिकवलं, देव म्हणतो, मीच त्याला हात धरून चालवलं, आणि ते मलाच सोडून गेलं. आता शिक्षा करतो. आणि लगेच पुढच्याच ओळींत तो वळतो. तो म्हणतो, नाही, मी तुला कसा टाकून देऊ? मी माणूस नाही, मी देव आहे, राग धरून बसायला मी येत नाही. तिथे पोचले की मास्तरांचा आवाज दरवर्षी चिरकायचा. मला माहीत होतं का चिरकतो ते. माझ्या उजव्या पायाला माहीत होतं.

मग काळ बदलला. एका कुटुंबानं चर्चला काचेसारख्या प्लास्टिकचा नवा स्टँड भेट दिला. त्याला माइक, त्याला दिवा. मला बाजूच्या खोलीत ढकललं. तिथे मोडकी बाकं, नाताळचा तारा, चेपून करंजीसारखी झालेली एक फुटकी परात आणि वाळवी. माझ्या मागच्या पायात वाळवी शिरली. कुणी बघितलं नाही. मी इथे मान्य करतो, त्या प्लास्टिकला तडा जावा अशी मी कित्येकदा इच्छा केली. ज्या फळीवर इतक्या वेळा क्षमेचे पाठ ठेवले गेले तिच्या मनात हे होतं. मी लाकूड आहे. माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

एक माणूस मात्र येत राहिला. दर शनिवारी मास्तर त्या खोलीत यायचे, माझ्यावरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसायचे आणि पाठाचा सराव करायचे. माइकपुढे त्यांना धडकी भरायची, माझ्यापुढे नाही.

भारतचं काय झालं, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तो कामासाठी पुण्याला गेला, तिथे पिऊ लागला. मास्तर आणायला गेले, तर त्यानं चार लोकांत त्यांना हाकलून दिलं. आई मात्र सणाला त्याचं ताट मांडायचीच. मग आई गेली. आमच्या मंडळीत एक रीत आहे. शवपेटी खाली सोडली की पहिली मूठमाती धाकट्या लेकानं टाकायची, मग मोठ्यानं. भारतनं फोनवर निघालो म्हणून सांगितलं. मंडळी उघड्या खड्ड्याभोवती उन्हं उतरेपर्यंत थांबली. शेवटी कुणीतरी म्हणालं, मास्तर, त्याचीबी मूठ तुम्हीच टाका, डाव्या हातानं, चालतं. मास्तर म्हणाले, "त्याची मूठ पडणार न्हाई." आणि त्यांनी एकच मूठ टाकली.

हे ऐकलं तेव्हा मी मास्तरांच्याच बाजूचा होतो. खरं सांगतो. आईला ताटकळत ठेवणाऱ्याचा मलाही राग आला.

पण त्यानंतर मास्तरांनी एक गोष्ट सुरू केली, आणि ती मला सहन होईना. पाठ निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. ते आता फक्त शापाचे पाठ निवडू लागले. आग, टोळ, पडलेल्या भिंती, ओसाड द्राक्षमळे. संदेष्टे असंही बोलतात, त्याला माझी हरकत नाही. पण ते तिथे थांबत नाहीत. ते वळतात. पुढच्या पानावर देव म्हणतो, परत या, मी तुमच्या जखमा बांधीन. मास्तर काय करायचे? वळणाच्या नेमक्या एक ओळ आधी पेन्सिलीची बारीक खूण करायचे आणि तिथे पुस्तक मिटायचे. "इथे पाठ संपला," असं मंडळीला सांगायचे. तो संपलेला नसायचा! मला पुढचं पान पाठ होतं. अर्धी भाकरी वाढून पंगत उठवणारा माणूस पाहिला आहे का तुम्ही? तसा राग मला यायचा. होशेय वाचताना तर त्यांनी पोराला चालायला शिकवलं तिथपर्यंत आवाज न चिरकता वाचलं, ते मला सोडून गेलं हे वाचलं, आणि खाडकन मिटलं.

मंडळीलाही कळू लागलं. एका रविवारी उपासनेनंतर मास्तर माझ्यापाशी उभे होते, तेव्हा शरयूबाई खोलीच्या दारात आल्या.

"मास्तर, एक इचारू? देव हल्ली सारखा चिडूनच हाय का?"

"शास्त्रात आहे ते वाचतो, बाई."

"आहे ते वाचता, बराबर. पण आमच्या घरचा म्हातारा बी चिडतो, तरी जेवायच्या टायमाला गप होतो. तुमचा देव जेवतच न्हाई वाटतं."

मास्तरांनी माझा खण थोडा उघडला, पत्राची कड दिसली, आणि त्यांनी तो परत ढकलला.

हंगामाच्या सणाला नवं पीक चर्चमध्ये आणून देवाला वाहतात; त्याच्या आधीच्या आठवड्यात पाळक सूरज आले. जालन्याहून मोटरसायकलवर येणारा तरुण माणूस, बोलायला सरळ.

"मास्तर, भारतभाऊंचा फोन आल्ता मला."

"करू द्या."

"पत्र मिळालं का, विचारत होते."

"मिळालं म्हणून सांगा."

"अन् पुढं?"

"पुढं काही न्हाई."

पाळकसाहेब मोडक्या बाकावर बसले. बाक करकरलं. "मास्तर, तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचलंय. मी तुम्हाला काय सांगणार?"

"मंग सांगू नका."

"सांगत न्हाई. फक्त सणाचा पाठ मी निवडतो. योना. अख्खा वाचा. लहानच आहे."

"अख्खा?"

"अख्खा. पेन्सिल माझ्याजवळ द्या."

मास्तरांनी खिशातली पेन्सिल खरोखरच काढून दिली. शाळेत पोरानं मास्तरला द्यावी तशी. पण राग त्यांच्या कानाच्या पाळ्यांपर्यंत चढला होता.

त्या शनिवारी सरावाला त्यांनी योना उघडला. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. निनवे नावाच्या दुष्ट शहराला जाऊन सांग, असं देवानं योनाला सांगितलं, आणि तो उलट्या दिशेच्या जहाजात बसला. सगळे माशाचीच गोष्ट लक्षात ठेवतात. मास्तरांनी वादळ वाचलं, मासा वाचला, निनवेच्या रस्त्यात योना ओरडतो, शहर उलथं होणार, तेही वाचलं. आणि मिटलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तिथेच मिटलं. पेन्सिल नव्हती, तरी खूण त्यांच्या आत होती. मला वाटलं, माझा पोखरलेला पाय आत्ता मोडावा आणि मी ह्यांच्या अंगठ्यावर पडावं. मी उभा होतो. मला दुसरं काही येत नाही, ह्याचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

सणाच्या दिवशी खोलीचं दार उघडंच होतं. मला वेदी दिसत होती. कुणी मोसंबीची पाटी आणली होती, कुणी तुरीच्या शेंगांच्या पेंढ्या, कापसाची बोंडं, ज्वारी, पाय बांधलेला एक कोंबडा. उपासनेनंतर ह्या सगळ्याचा लिलाव होतो आणि एकच दुधी गंमत म्हणून पाच जण घेऊन पुन्हा लिलावाला देतात. गलका होता, हसणं होतं. मास्तर पुढच्या बाकावर बसून फाटकाकडे बघत होते. एसटीची वेळ झाली की बघायचे. एक गाडी गेली, दुसरी गेली. ज्याला बोलावलंच नाही त्याची वाट बघत होते! मी खोलीत धुमसत होतो. 'ये' म्हणायला तोंड उघडलं नाही, आणि आता मान लांब करून बघता? कोण येणार? त्यानं स्पष्ट लिहिलं होतं, तू म्हणलास तरच.

पाठाची वेळ झाली. मास्तर प्लास्टिकच्या स्टँडमागे उभे राहिले. वाचू लागले. जहाज, मासा, निनवे. शहर उलथं होणार. आणि थांबले. इतके थांबले की कोंबडा ओरडला आणि पोरं हसली. पाळकसाहेब पायांकडे बघत होते. मग माइकमधून पान उलटल्याचा आवाज आला.

त्यांनी पुढचं वाचलं. त्या शहरानं पस्तावून गोणपाट नेसलं, राजा राखेत बसला आणि देवानं त्यांना माफ केलं. योनाला हे अजिबात आवडलं नाही. तो भडकला. मला माहीतच होतं, तो देवाला म्हणाला, तू कृपाळू आहेस, तुला लवकर राग येत नाही, तू माफ करतोस, म्हणून तर मी पळालो होतो! शहराबाहेर जाऊन तो फुरंगटून बसला. देवानं त्याच्या डोक्यावर सावलीला एक झाड उगवून दिलं. दुसऱ्या दिवशी किडीनं ते खाल्लं. योना झाडासाठी चिडला, मेलो तर बरं म्हणाला. तेव्हा देवानं त्याला विचारलं, जे झाड तू लावलं नाहीस, वाढवलं नाहीस, त्याची तुला एवढी कीव येते, मग ज्यांना उजवा-डावा हातही कळत नाही अशा इतक्या माणसांची मला कीव येऊ नये का? आणि त्यांच्या गुराढोरांची?

पुस्तक तिथेच संपतं. प्रश्नावर.

मास्तर 'पाठ संपला' म्हणायचं विसरले. तसेच उभे राहिले. आणि शरयूबाईंना राहवलं नाही. त्या भर उपासनेत म्हणाल्या, "गुरांचाबी इचार केला बघा देवानं. मंग? योना काय म्हणला?"

"लिहिलेलं न्हाई, बाई."

"म्हणजी देवानं इचारलं अन् ह्यो गपच? किती दिवस?"

"पोळ्यापासून," मास्तर म्हणाले.

मंडळी खो-खो हसली. योनाच्या गावात पोळा! "मास्तर, बैल पण होते का त्याच्याकडं?" मागून कुणीतरी ओरडलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी माइकवर हात ठेवला, तो खरखरला, आणि ते खाली उतरले. पाळकसाहेबांनी मान वर केली नाही.

मीही हसलो नाही. तो प्रश्न मलाही लागला होता. मास्तरांना शिक्षा व्हावी, लोकांत त्यांची फजिती व्हावी, असं मला किती दिवस वाटत होतं. ती झाली. आणि मला त्याचा काही आनंद झाला नाही.

बाहेर लिलाव सुरू झाला. मास्तर खोलीत आले. माझा खण फुगला होता, उघडेना. त्यांनी दोन्ही हातांनी हिसका दिला. पत्र काढून पुन्हा वाचलं. मग माझ्यावर कोरा कागद ठेवून उभ्याउभ्याच लिहू लागले. माझ्या फळीला त्यांच्या पेनाचा जोर कळत होता. पहिली बाजू सगळी रागाची होती. आईला तू किती वाट बघायला लावलीस. ती शेवटच्या दिवशी कुणाचं नाव घेत होती, ठाऊक आहे का? मला लोकांत हाकललंस. मी तुला लहानाचं मोठं केलं. एकही शब्द त्यांनी खोडला नाही. बाजू भरली. मला वाटलं, आता घडी घालतील.

त्यांनी कागद उलटला.

"भारत," त्यांनी लिहिलं, "सण आज झाला. तो गेला. तू सणासाठी थांबू नकोस. माझा राग अजून गेलेला नाही, तो तुला इथे आल्यावर ऐकावा लागेल. जेवण झाल्यावर ऐक. मी उत्तर द्यायला उशीर केला, ते माझं चुकलं. कोणत्या गाडीनं येतोस ते कळव. ये. दादा."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणत नाही. फार तर माझ्या पायाला वाळवीचं औषध लावा. पण कुणाचा राग, देवाचा किंवा स्वतःचा, वाचायला घेतलात तर निम्म्यात पुस्तक मिटू नका. पान उलटा. आणि कुणी तुम्हाला 'येऊ का' असं विचारलं असेल, तर त्याला काहीतरी सांगा. त्याला रस्त्यावर उभं ठेवू नका. मी हे रागावूनच सांगतो आहे.

पाळकसाहेब दारात आले. कागद, पाकीट, सगळं त्यांनी पाहिलं. "फोटो काढून मोबाइलवर पाठवू का, मास्तर? जल्दी पोचंल."

"नको. त्यानं पत्रानं विचारलंय."

"मी टाकून येतो मंग."

"तुम्ही विसराल," मास्तर म्हणाले.

खोलीच्या खिडकीतून समोरच्या दुकानाच्या भिंतीवरची लाल पेटी दिसते. लिलावाच्या गर्दीतून मास्तर तिकडे गेले. वाटेत कुणीतरी त्यांच्या हातात दुधी दिला. तो काखेत धरूनच गेले. पेटीपुढे उभे राहिले. पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला. मग ते आत टाकलं. ते अडकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी फटीत दोन बोटं घालून चाचपून पाहिलं. काही हाताला लागलं नाही. पत्र खाली पडलं होतं.